उभ्या गाडीची धडधड

"टर्बोच्या गाडीच्या इंजिनात हा शर्यतीचा कॅमशाफ्ट नको. उभी असताना झकास धडधडेल, पण कमी वेगात दम राहणार नाही," दस्तगीर मिस्त्रींनी बजावलं होतं. जयसिंगला ती धडधडच हवी होती. त्यानं तो हट्टानं बसवून घेतला आणि सिग्नलला लोक वळून बघू लागले, तशी त्याची छाती फुगली.

महिन्याभरात एका दुपारी वडिलांचं तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. त्यांना मागच्या सीटवर निजवून तो कोल्हापूरकडे निघाला. चढावर उसाच्या ट्रॉलीमागे वेग कमी करावा लागला आणि इंजिन बंद पडलं. चालू केलं की पुन्हा बंद. वीस मिनिटं तिथंच गेली.

"जीव वाचला," डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतंत तर कदाचित हातही वाचला असता."

जयसिंगनं दुसऱ्याच दिवशी गाडीचा मूळचा कॅमशाफ्ट परत बसवून घेतला.

वडिलांना त्या वाटेवरचं काहीच आठवत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बोबड्या जिभेनं कौतुकानं सांगतात, "पोरानं वाऱ्यासारखी गाडी हाणली, म्हणून वाचलो बघा."

जयसिंग तेव्हा पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही.