डब्यावर लाल लिहिलं होतं

हरीओम तारेच्या ब्रशनं गाडीचा रंग खरडत होता. बॉनेटचा नाही, दाराचाही नाही. पुढचं डावं चाक काढून आतल्या ब्रेकच्या कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या लोखंडी चिमट्याचा. महिन्यापूर्वी मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यानंच तो हौसेनं मारला होता. डब्यावर लाल लिहिलं होतं, पण लोखंडावर बसला तो शेंदरी. तेव्हा त्याला रंगवाल्याचा राग आला होता. आता स्वतःचा येत होता.

चाकाच्या जाळीत अडकलेलं रुईचं वाळकं पान त्यानं काढून फेकलं. रस्त्यावरचं काय काय येऊन बसतं.

"काहून खरडून राह्यला बापा?" ओसरीवरून आईनं विचारलं. रंगूबाईनं उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यानं उठू दिलं नाही. "इतका छान रंग. नको खरडू, पाप लागन."

पाप! ते तर मागच्या शनिवारीच लागलं होतं.

त्या दिवशी तो सासुरवाडीला धनजला निघाला होता. स्टेशनाकडच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला. पार तळापर्यंत दाबला. गाडी घसरतच गेली. समोर सायकलवर भिवाजी गुरुजी होते. अर्ध्या जऊळका गावाला बाराखडी शिकवलेला माणूस, आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ब्रेक नव्हते काय बे?"

"परवाच मुन्नानं पाह्यले होते," हरीओम म्हणाला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हीच तर हरामखोरी! रंग मारताना फवारा कॅलिपर जिला आवळतो त्या चकचकीत चकतीवर, डिस्कवर उडाला होता, तो त्यानं जुन्या बनियननं कसाबसा पुसला होता, हे त्यानं सांगितलं नाही. ना गर्दीला, ना पोलिसाला, ना बायकोला.

मुन्ना त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. लोकांनी गाडी ढकलत त्याच्याच गॅरेजात नेली. मुन्नानं पुढची दोन्ही चाकं खोलली, सगळं धुऊन नवे ब्रेकपॅड टाकले आणि गुरुवारी गाडी दारात आणून लावली. खाली मान घालून आला, तसाच गेला. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. तेव्हापासून त्याच्याकडे पंक्चर काढायलासुद्धा कोणी फिरकलं नव्हतं.

काल हरीओम गुरुजींना भेटायला गेला होता. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून गुरुजींनीच त्याची समजूत काढली.

"तुझी काय चूक रे? त्या मुन्नाच्या हातात कोणी गाडी देऊ नये, बस."

हरीओमनं मान हलवली आणि चहा पिऊन परत आला. मान हलवली! रात्रभर त्याला त्याच मानेची लाज वाटत राहिली.

आणि आज हा रंग. कोणासाठी खरडतोय आपण? पुरावाच पुसतोय की! त्यानं ब्रश फेकला, चाक जसंच्या तसं बसवलं आणि उजव्या चाकाला हात न लावताच चालू लागला.

"कुठी चालला?" आईनं विचारलं.

"मुन्नाकडं."

मुन्ना जुन्या टायरवर बसला होता. हरीओमला पाहून उभा राहिला आणि त्यानं चिंधीला हात पुसले. हात स्वच्छच होते.

"मुन्ना, माह्यी चूक आहे," हरीओमनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, फवारा, बनियन. "मीनं तुह्यं नाव घेतलं बे. सारं मालूम असून घेतलं. मले जोडा मार."

मुन्नाच्या कपाळाला आठी पडली.

"रंग? अबे, डिस्कवरचा रंग तर दोन-चार ब्रेकातच घासून जाते. तू महिनाभर गाडी चालवली ना?"

"मग?"

मुन्नानं चिंधीची घडी केली, पुन्हा उलगडली.

"चाकं खोलली तं दोन्हीकडं तेलकट. पॅड पार भिजले होते. ब्रेकवर तेल पडलं की ते धरतच नाही, यार. त्याच्याआधी मीनंच हात घातला होता. मले वाटलं, माह्याच हातचं ग्रीस असन. लाजेनं बोललोच नाही. गुरुजीच्या घरापुढून जात नाही मी आता."

मग मुन्ना हळूच म्हणाला, "पण इतकं ग्रीस मी लावतच नाही."

"उद्या दोघं मिळून गुरुजीकडं जाऊ," हरीओम म्हणाला. "माह्या तोंडानं सांगतो. चौकातबी सांगतो."

घराकडे येताना आठवड्यात पहिल्यांदा त्याला छातीभर श्वास घेता आला. लाज होतीच, पण आता ती उघड्यावर आली होती. तेल आलं कुठून, एवढंच काही उमगत नव्हतं.

अंगणात रंगूबाई पाट टाकून गाडीच्या उजव्या चाकाशी बसली होती. डोक्यावरून पदर, हातात वाटी. जाळीत रुईचं हिरवं पान खोचलेलं होतं. चाकाच्या आत हात घालून ती पुटपुटत होती.

"आई, काय करून राह्यली?"

"काय करू? तुनं तिकडचा खरडला, म्हणून याची माफी मागून राह्यली." तिनं वाटी कपाळाला लावली. "देवळापर्यंत गुडघा चालत नाही माह्या. तुनं शेंदूर लावून घरीच हनुमंत बसवला, तवापासून एक शनिवार चुकवला नाही म्या. दरवेळी बोटभर तेल वाहत होती मी. मागच्या शनिवारी तं दोन्हीकडं वाटी-वाटी वाह्यलं, तुले लांब जायाचं होतं ना, म्हणून."