सकाळचा आशीर्वाद

इदालिनाने मक्याच्या केकचा मोठा तुकडा कापून भाच्यापुढे ठेवला आणि सहज म्हणाली, "आजचं चित्र फार गोड होतं हो, गिल्मार. ते निळं दार अगदी आपल्या शेजारच्या दोमिंगास मायच्या दारासारखं."

गिल्मार कॉफी पिता पिता हसला. "सारखं कशाला असेल, मावशी? तेच आहे."

निवडणूक तोंडावर आली होती. गिल्मार एका उमेदवाराच्या प्रचारासाठी फोनवर धाडायची चित्रं बनवायचा. त्यातलं एक तो रोज मावशीला पाठवायचा आणि ती चहा-कॉफीचा घोट घेण्याआधी ते गल्लीतल्या जपमाळेच्या गटावर टाकायची. हा तिचा नेम. आजच्या चित्रात लिलीची पांढरी फुलं होती, निळं दार होतं, खाली 'आज शनिवारी अंगण शुद्ध करू, आमेन' असं लिहिलं होतं.

"पण तिचंच दार का रे?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळतं. मागच्या शनिवारी हिरवं होतं, आठवतं?"

तिला आठवलं. कालव्यापलीकडे एक हिरवं दार होतं. दोमिंगास मायच्या घरासारखेच तिथेही आफ्रिकेतून आलेले देव पुजले जात. त्या रात्री तिथले ढोल कुणी फोडले, म्हाताऱ्या पुजाऱ्याची बरगडी मोडली. त्याच्यासाठी तिने गटावर प्रार्थना घातली होती. आणि त्याच गटावर, त्याच दिवशी सकाळी, ते हिरवं दारही तिनेच टाकलं होतं.

तिने सुरी खाली ठेवली. "ढोल फोडणाऱ्यांना तू सांगितलंस?"

"मी कुणाला काही सांगत नाही. आमच्या साहेबांनी त्या ढोलवाल्यांचं नाव तरी घेतलंय का कधी? जा की पोलिसांत. काय दाखवशील? फूल? दार? देवाचं नाव?" त्याने बोटांवरचा चुरा चाटला. "आणि खरं सांगू, तुझ्या गटासारखा गट नाही. तू धाडलंस की बायका डोळे मिटून पुढे धाडतात."

तिने फोन घेतला आणि चित्र पुसून टाकलं. लगेच गटातल्या मार्लुसियाचा निरोप आला : 'ताई, चुकून पुसलं वाटतं. मी परत टाकते.' निळं दार पुन्हा उघड्यावर आलं. इदालिनाने लिहिलं, 'बायांनो, हे पुढे पाठवू नका. ह्यात पाप आहे.' मग एकीने लिहिलं, 'इदालिनाताईचा फोन चोरीला गेलाय गं! तिच्या नावाने कुणी सैतान लिहितोय.' त्याखाली आमेनची रांग लागली.

ती तशीच सपाता फटफटवत शेजारी धावली. दोमिंगास माय दारातली पायरी धूत होती.

"माय, माणसं घे आणि मागच्या वाटेने निघ. आत्ताच्या आत्ता."

दोमिंगासने सगळं ऐकून घेतलं. खराटा भिंतीला टेकवला. "ते चित्र मलाही आलंय. तू धाडलंस म्हणून मी आमेनसुद्धा लिहिलं."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"तुला ठाऊक असतं तर तू धाडलं असतंस होय?" तिने आतल्या खोलीकडे मान वळवली. "पोरगी दीक्षेला बसलीय. डोकं भादरून तिला देवाच्या हवाली केलंय. सोमवारपर्यंत तिला उंबऱ्याबाहेर काढता येत नाही. मी कशी निघू? तू मोडशील का तुझा नेम?"

इदालिनाने घरातून खुर्ची ओढत आणली आणि निळ्या दाराला पाठ लावून बसली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. हातातली माळ पहिल्या मण्यापुढे सरकेना.

उन्हं कलली तशी गल्लीच्या तोंडाशी गाणं ऐकू आलं. जपमाळेच्या बायका येत होत्या. पांढरे झगे, वेण्या घातलेल्या, आणि प्रत्येकीच्या हातात लिलीची जुडी. पुढे मार्लुसिया, धापा टाकत.

"तुझा फोन गेला म्हणून मी दारोदार सांगत फिरले बघ! ऊठ, चित्रातल्यासारखी दाराला फुलं वाहू दे."

"परत जा गं. पाया पडते तुमच्या. त्यांना दार दाखवताय तुम्ही."

"कुणाला? अगं, आशीर्वादाला कधीपासून घाबरायला लागलीस?" बायका हसल्या. एकीने वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतला. मग त्यांनी खुर्चीच्या दोन्ही अंगांनी, दाराच्या कडेकडेने, फुलं मांडली. पुन्हा गाणं धरलं.

कोपऱ्यावर मोटारसायकली थांबल्या. तरणी माणसं उतरली. घाई कुणालाच नव्हती. पुढच्याने टोपी काढून बायकांना नमस्कार केला. त्याच्या दुसऱ्या हातात झाकणाचा डबा होता. पेट्रोलचा वास इदालिनापर्यंत आला. तिने तोंड उघडलं, पण गाण्यात तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

मार्लुसियाने बायकांना बाजूला सारून त्याला वाट करून दिली.

"या बाबा, या. पवित्र पाणी आणलंत ना?"