चंदेरी की काळी

"आठ एअरबॅग, मावशी. पुढून, बाजूनं, गुडघ्यापाशीसुद्धा. आणि कुणी आडवं आलं तर गाडी स्वतःच ब्रेक मारते," जेमाल चंदेरी गाडीच्या टपावर थाप मारत म्हणाला.

"आणि हिच्यात?" लामारानं शेजारच्या काळ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"हिच्यात दोनच. ब्रेक तुमच्या लेकानं मारायचे. म्हातारी आहे ती, कशाला बघताय?"

त्बिलिसी शहराबाहेरच्या या जुन्या गाड्यांच्या बाजारात माणसं इंजिन ऐकतात, टायरला लाथ मारतात, दलालाच्या आईबापाचा उद्धार करतात. लामारा सकाळपासून एकच विचारत होती. धडकली तर आतल्या माणसाचं काय होईल? ज्याला त्याला हाच प्रश्न. दोघा-तिघांनी तर तिला पाहून शटर ओढल्यासारखं तोंड फिरवलं होतं.

उद्यापासून तिचा बेसो खिंडीच्या रस्त्यानं प्रवासी नेणार होता. थोरला, गिगा, गेल्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर अपघातात गेला. धाकट्यानं तरी दुसरं काही करावं म्हणून तिनं रडून पाहिलं, अन्न सोडून पाहिलं, चर्चमध्ये मेणबत्त्या लावून गुडघे झिजवले. पोरगा बधला नाही. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं, की गाडी ती निवडेल.

"चंदेरीच घेऊ या ना, आई," बेसो म्हणाला. "आठ आहेत. अजून किती हव्यात तुला?"

"किल्ली फिरव."

त्यानं फिरवली. एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझला.

"दिवा विझला म्हणजे सगळं ठीक. नातवंडं झाली की मला आठवाल, मावशी," जेमाल म्हणाला.

"गिगाच्या गाडीतही विझायचा," लामारा म्हणाली. "स्टिअरिंगचं झाकण उघड."

जेमाल काही बोलायच्या आत तिनं स्वतःच झाकणाच्या कडेला नखं घातली. ते अलगद हातात आलं. आत एअरबॅगच्या जागी स्पंजचा तुकडा कोंबलेला होता.

"अमेरिकेतून अशीच आली," जेमाल दुसरीकडे बघत म्हणाला. "आत काय आहे हे मला काय स्वप्नात दिसतं?"

लामारानं त्याला शिव्या दिल्या नाहीत. तिनं ते झाकण त्याच्या हातात ठेवलं आणि काळ्या गाडीत जाऊन बसली. त्या गाडीचं झाकण नखानं निघेना. जेमाललाच पाने आणून खोलावं लागलं. आत पिवळी वायर आणि एअरबॅगचा डबा, दोन्ही जागच्या जागी होती. लामारानं तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्या डब्याला हात लावला.

"ही," ती म्हणाली.

कागद झाले, झाकण पुन्हा बसलं, बेसो स्टिअरिंगवर बसला, लामारा त्याच्या शेजारी. इंजिन सुरू होताच सीटबेल्टच्या इशाऱ्याचं टँव टँव सुरू झालं. बेसोनं पट्टा ओढला, स्वतःच्या पाठीमागून घेतला आणि खटकन अडकवून दिला. आवाज थांबला.

"हे काय?" लामारानं विचारलं.

"सगळेच असं करतात."

"पुढून बांध."

"आई, पट्टा बांधून बसलो तर प्रवासी म्हणतील, ड्रायव्हरच घाबरलाय. मग बसेल का कुणी माझ्या गाडीत? गिगा बांधायचा का कधी?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"बेसो, तुझ्या पाया पडते."

"जेमाल बघतोय. घरी जाऊन बोलू. चल, जरा हस. गाडी घेतलीय आपण."

ती खाली उतरली. त्याला वाटलं, रुसली. ती मागचं दार उघडून त्याच्या पाठीशी बसली आणि सीटच्या दोन्ही बाजूंनी तिनं हात पुढं घातले. बेसोच्या छातीवर ते येऊन टेकले.

"आई, काय करतेस? लोक हसतायत."

"हसू देत. चल तू."

सीट रुंद होती. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना पोचत नव्हती. तिनं गाल सीटला दाबला, खांदे ताणले, पुन्हा ताणले.