कुलपाचा नियम

शंकर वेल्डर गावाहून सौदीतल्या राबिघच्या कामगार-कॅम्पात परतला, तो आईने दळून दिलेलं कुळथाचं पीठ घेऊन. वर्षभर पुरवायचं ते पीठ तिसऱ्याच दिवशी बरणीसकट नाहीसं झालं. खोलीतल्या रोशनने संशयावरून तार घालून तिथल्याच विनोदच्या कपाटाचं कुलूप उघडलं, तर बरणी आत. झाकणावर आईच्या अक्षरात शंकरचं नाव.

निवाडा चंद्रशेखरमामांकडे गेला. मामा खोलीत सगळ्यांत जुने, शिवाय गावी असताना वकिलाकडे कारकून होते.

"बरणीचं राहू द्या मामा," विनोद म्हणाला. "माझं कपाट कुणाला विचारून उघडलं? दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच ना?"

मामांनी भिंतीलगतच्या कपाटांवरून नजर फिरवली. आठ जणांच्या खोलीत माणसाचं स्वतःचं म्हणून काय, तर ते एक कपाट.

"खरं आहे," ते म्हणाले. "असा मिळवलेला पुरावा चालणार नाही. बरणी होती तिथे ठेवा. खलास."

रोशन चिडला. शंकर मात्र मामांकडे बघत राहिला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी खोलीभर कुळथाच्या पिठी-भाताचा वास सुटला होता. विनोद धावत आला. "मामा, माझ्या कपाटातली बरणी गेली. शंकरच्याच कपाटात असणार, उघडून बघा."


मामांनी भातावर आणखी एक पळी पिठी ओतून घेतली. "उघडलं असतं रे, पण नियम आड येतो."