हात लांब करून धरलेला मासा

आमच्या मिनेसोटात मासा गावला की हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरायचा, म्हणजे तो दुप्पट दिसतो. माझ्या नवऱ्याने, आर्विडनेही तसाच धरला.

"अगं, मासा उठून दिसला पाहिजे. वापर की तुझ्या क्लासातली विद्या!"

मी नुकतंच फोटोग्राफीच्या क्लासात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, कमी-जास्त उघडायला शिकले होते. ते पूर्ण उघडलं, फोकस माशाच्या डोळ्यावर धरला. खवला न् खवला मोजून घ्यावा असा आला आणि हातामागचं सगळं कसं छान धूसर झालं!

आर्विडने तो फोटो मोठा करून गळाच्या दुकानातल्या भिंतीवर लावला आणि कौतुक ऐकायला तिथेच घुटमळत राहिला.

शेजारचा गस आला. फोटो बराच वेळ न्याहाळून त्याने आर्विडच्या पाठीवर थाप मारली.



"बघ लेका, याला म्हणतात मासा! तुला कधी गावणार असा?"