दुसरी ओ

चष्मेवाल्याची बायको घरी आणि ‘ती’ दुकानात. जीभ घसरू नये म्हणून तो दोघींनाही ‘अगं’च म्हणायचा. एकाच शब्दात दोन्हीकडचं भागायचं.

हल्ली मात्र घरात त्याने ‘अगं’ म्हटलं, की स्वयंपाकघरातून बायकोची ओ यायची आणि बेडरूममधून लगेच दुसरी, अगदी दुकानातल्या ‘ति’च्या आवाजात. तो धावत जाऊन बघायचा. आत नुसता पलंग.

“तिकडून कोण ओ देतंय?” तो वैतागायचा.

“मीच की! तुम्हीच हाक मारता आणि वर डाफरता!”

आजही दोन्हीकडून ओ आली आणि त्याचं डोकं फिरलं. कित्येक वर्षांनी त्याने बायकोला तिच्या नावाने हाक मारली.

बायको हात पुसत बाहेर आली.

“अहो, आत्ता हाक मारलीत ती कोण?”

बेडरूममधूनही तोच प्रश्न आला.