अदीबाचा सत्कार

"तुझं नाव कुणाला कळणार नाय, बेटा," पोलीसताईंनी शब्द दिला, तेव्हा कुठं अदीबानं तोंड उघडलं. दहावीतली जाहेदा रोज डबा हिसकावते, बाथरूममध्ये कोंडते.

जाहेदाकडं ताई स्वतःच बघणार होत्या. हेडसरांच्या कानावर त्यांनी एवढंच घातलं, "अदीबाला कुणीतरी छळतंय, जरा धीर द्या तिला."

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कार्यक्रमाला अख्खी शाळा मैदानात बसलेली. हेडसर माइकवर आले. "न घाबरता पोलिसांकडं तक्रार करणाऱ्या आपल्या अदीबाचा सत्कार करू या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई ताडकन उठल्या, पण तोवर पोरींनी अदीबाला स्टेजवर ढकललं होतं.

"आणि गुलाबपुष्प देतील," हेडसर कौतुकानं म्हणाले, "आपल्या शाळेची विद्यार्थी प्रतिनिधी, कुमारी जाहेदा!"